मुलांना वेळ द्यायचा, पण कुठून?

"मुलांना वेळ द्या." पालकसभेत बाई हे सांगतात, रविवारच्या पुरवणीत समुपदेशक हेच लिहितात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली दूरची मावशीही सांगून जाते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. तरी हे ऐकलं की मला आधी गलबलून येतं आणि मग राग येतो. वेळ आईबापांच्या खिशात पडलेला आहे आणि ते तो काढून देत नाहीत, असंच त्यात धरून चाललेलं असतं. मला या सगळ्यांना एकच विचारायचंय. कुठून द्यायचा?

मी डोंबिवलीत राहते. ऑफिस फोर्टमध्ये, एका कंपनीच्या हिशेब विभागात. सीएसएमटीपर्यंतचं अंतर जवळपास पन्नास किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी सव्वा तास धरावा लागतो. त्याच्या आधी रिक्षाची रांग, पूल, डोळ्यांदेखत सुटलेली गाडी आणि पुढचीची वाट. उतरल्यावर पुन्हा चालणं. म्हणजे एका बाजूचे दोन तास. नऊ तासांच्या नोकरीला चार तासांचा प्रवास कायमचा चिकटलेला. तिसरीतल्या माझ्या मुलीच्या जागेपणातला सकाळचा तास-दीड तास आणि रात्रीचे दोनेक तास एवढेच माझ्या वाट्याला येतात. त्यातच वेणी, युनिफॉर्म, गृहपाठ, जेवण, भांडी. तिने शाळेतलं काहीतरी सांगायला सुरुवात केली की माझे हात कणकेत असतात किंवा डोळे घड्याळाकडे.

"मग ऑफिसजवळ घर घ्या ना," असं म्हणणारेही भेटतात. ते काही चुकीचं बोलत नाहीत, फक्त त्यांनी गेल्या काही वर्षांत दक्षिण किंवा मध्य मुंबईत घराचा भाव विचारलेला नसतो. या शहरात नोकऱ्या दक्षिणेला राहिल्या आणि माणसं उत्तरेकडे सरकत गेली. आधी दादर-परळ, मग घाटकोपर-मुलुंड, मग ठाणे, डोंबिवली, आणि आता बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार. बदलापूर सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटरवर आहे. तिथे टू बीएचके घेणाऱ्या जोडप्याने बाळासाठी वेगळी खोली केलेली असते आणि त्या खोलीत बाळाबरोबर बसायला संध्याकाळी घरात कोणी नसतं. या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. घर मुलासाठी घेतलं, त्या घराच्या हप्त्यासाठी दोघांनी नोकरी धरली, आणि घर परवडावं म्हणून ते इतकं लांब घेतलं की मुलाबरोबरची संध्याकाळ गेली.

लेडीज डब्यात बसून बघा, म्हणजे आया वेळ कसा जमवतात ते दिसेल. ठाणे गेलं की पिशव्या बाहेर निघतात. कोणी गवार मोडतं, कोणी मटार सोलतं, कोणी मेथी निवडतं. घरी गेल्यावरची वीस मिनिटं वाचवायची आणि ती मुलाला द्यायची, एवढ्यासाठी. कोणी फोनवर पाढे घेत असतं. "सात सक्कं? परत सांग. अरे, आवाज जातोय, मुंब्रा आलंय." आजूबाजूच्या बायका गप्प होतात, कारण प्रत्येकीला ते पाढे ओळखीचे असतात. या बायकांना मुलांची पर्वा नाही, असं कोणाला म्हणायचं असेल, तर त्याने संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराची गाडी एकदा पकडावी.

मग लोक जुन्या काळाचा दाखला देतात. आमच्या वेळी आई घरी असायची, एकत्र कुटुंब होतं, मुलांना भरपूर वेळ मिळायचा. मी लालबागच्या चाळीत वाढले. बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. भोंगे मला आठवत नाहीत, ते आईला आठवतात. मला आठवतात ते नंतरचे बाबा, एका इमारतीवर रखवालदार, कायम रात्रपाळी. दिवसा ते झोपलेले असायचे आणि दहा बाय बाराच्या त्या खोलीत आम्हाला आवाज करायची बंदी होती. आई पापड लाटायची. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी जे पापडाचं काम सुरू केलं, ते तोवर अख्ख्या मुंबईभर पसरलं होतं. सकाळी जाऊन पीठ आणायचं, घरी लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचं. दर पापडावर मजुरी. आई आमच्याबरोबर खेळल्याचं मला एकदाही आठवत नाही. गोष्ट सांगितल्याचंही क्वचितच. तिचं सगळं लक्ष लाटण्यावर.

पण ती होती. मी गॅलरीतून आत डोकावले की ती दिसायची. पडले, रडले की तिथूनच ओरडायची, "ये इकडे, बघू." आणि ती नसली, रेशनच्या रांगेत असली, तरी समोरच्या काकू होत्या, कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी होत्या, घाटावरून आलेले आणि संपानंतर रिकामे बसलेले एक मामा होते. ते आम्हाला कॅरम शिकवायचे. कोणाच्या घरी जेवायचं हे आधी ठरवावं लागत नव्हतं. दिवसभरात माझ्यावर आठ-दहा मोठ्या माणसांची नजर असायची आणि त्यांतल्या कोणीही मला "वेळ दिला" असं म्हटलं नसतं.

चाळीचे फार गोडवे गायची माझी तयारी नाही. माझ्या मोठ्या बहिणीची शाळा सातवीनंतर सुटली, कारण धाकट्यांना सांभाळायला कोणीतरी हवं होतं. आम्हाला मिळालेल्या वेळातला बराचसा तिच्याकडून काढून घेतलेला होता. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांना हेच डहाणूच्या भागात दिसलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू झालं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येतच नव्हती. मग त्या बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जायची किंवा कडेवर भावंड घेऊन फिरायची. म्हणून पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, म्हणजे भावंडाला पाळण्यात ठेवून ताई वर्गात बसू शकेल. मुलाचा वेळ, आईचं काम आणि ताईची शाळा हा एकच गुंता आहे, हे त्या दोघींना तेव्हा कळलं होतं. आपल्याला अजून कळलेलं नाही.

आणि बाप? कोकणातल्या कितीतरी पिढ्यांनी बाप पाहिला तो गणपतीत, शिमग्यात आणि जमलं तर मे महिन्यात. बाकी वर्षभर त्याची मनीऑर्डर यायची. तो मुंबईत एका खोलीत वीसजणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा. गिरणगाव अशाच चाकरमान्यांनी उभं केलं. तेव्हा मुलाबरोबर राहणारा बाप आता हरवला, या म्हणण्यात फारसा अर्थ नाही. आपल्याकडे कष्टकरी बापाला मुलाजवळ राहू दिलं गेलं, असा काळ कधी होता ते मला कोणी दाखवावं.

गेली आहेत ती बाकीची माणसं. आई आणि बाप सोडून जी पाच-दहा होती, ती. फ्लॅटचं दार बंद असतं. आजी गावी असते, आणि आली तर चौथ्या मजल्यावर एकटी पडते. माझ्या सासूबाई मुलगी लहान असताना आमच्याकडे राहून गेल्या. नात त्यांचा जीव, पण त्यांचं घर, परसातली भाजी, संध्याकाळच्या मैत्रिणी, सगळं गावी. एकदा त्या म्हणाल्या, "इथे दिवसभर बोलायला कोणी नाही गं, पोर झोपली की भिंती बघत बसते." मला त्यांना थांबवून घेणं पटेना. आम्हाला वेळ नाही म्हणून त्यांच्या म्हातारपणाचा वेळ घ्यायचा, हे मला अजूनही बरोबर वाटत नाही. पुष्कळ घरांत आजी-आजोबा हे करतात, प्रेमाने करतात. पण त्यांना कोणी विचारलेलं असतं, असं मात्र क्वचितच घडतं.

कायद्याने काही केलं नाही असं नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. माझी मुलगी त्याच वर्षीची, त्यामुळे ती रजा मला मिळाली. त्या दिवसांसाठी मी आजही कृतज्ञ आहे. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. बाळ नुकतं वरणाचं पाणी चाखायला लागतं आणि रजा संपते. बापाला खासगी नोकरीत असा कायदेशीर हक्कच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. पंधरा दिवसांत बाप काय शिकणार? दुपटं बदलायला जेमतेम हात बसतो.

त्याच दुरुस्तीत पाळणाघराचं कलम आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असावं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यावं. वाचताना फार बरं वाटतं. आता कल्पना करा, फोर्टच्या ऑफिसात असं सुरेख पाळणाघर आहे आणि मी डोंबिवलीहून सकाळी आठच्या सुमाराच्या फास्टमध्ये आठ महिन्यांचं बाळ घेऊन चढते आहे. ज्या गर्दीत धडधाकट बाई दारातून आत सरकू शकत नाही, तिथे. मुंबईच्या आईला पाळणाघर ऑफिसजवळ मिळून उपयोग नाही, ते घराजवळ, रिक्षाच्या किमान भाड्यात हवं. घर आणि कामाची जागा एकमेकांपासून इतकी लांब असू शकते, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावं.

घराजवळ काय आहे? अंगणवाडी आहे, ती काही तासांची. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून पोषण आणि शाळापूर्व शिक्षण ही तिची मुख्य कामं. तिथल्या सेविका तुटपुंज्या मानधनावर जे करतात त्याला तोड नाही, पण दिवसभर मूल ठेवायची सोय ती नव्हे. उरतात आमच्या काकू.

आमच्या काकू म्हणजे स्वतःच्या वन बीएचकेत सात-आठ मुलं सांभाळणारी साठीची बाई. डोंबिवलीत अशा काकू गल्लोगल्ली आहेत. मध्य रेल्वे ज्यांच्या जिवावर चालते त्यांत मोटरमनच्या बरोबरीने यांचं नाव घ्यायला हवं, असं मी अगदी मनापासून म्हणते. मुलीला पहिल्यांदा वरणभात त्यांनी भरवला, तिचं पहिलं पाऊल त्यांनी पाहिलं. एका जुलैत कुर्ला-सायनला पाणी भरलं, गाड्या थांबल्या आणि मी विद्याविहारच्या आसपास डब्यात अडकले. रात्र होत आली, फोनची बॅटरी संपत आलेली. मी फोन लावला तर मला बोलूच न देता त्या म्हणाल्या, "अगं, टीव्हीवर बघतेय मी. तू सावकाश ये. जेवलीये ती, माझ्याजवळच झोपवते." जास्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, विषयही काढला नाही. इतक्या मोठ्या महानगराची व्यवस्था एका बाईच्या चांगुलपणावर उभी आहे. त्यांची इमारत आता पुनर्विकासाला जाणार आहे. त्या मुलाकडे पुण्याला निघाल्या, की आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींतल्या आयांनी काय करायचं, याचं उत्तर कोणत्याही योजनेत नाही.

घरातल्या वाटणीबद्दलही बोलायला हवं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात बाईची १३४, पुरुषाची ७६. आणि हे फक्त ती कामं करणाऱ्यांचे आकडे. अनेक पुरुष ती करतच नाहीत. आमच्याकडे सकाळचा डबा नवरा करतो, आणि त्या पाऊण तासात मी मुलीची वेणी घालताना तिचं बोलणं खरंच ऐकते. एका माणसाने डबा घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याला ऐकायचं सुख येतं. म्हणून "मुलांना वेळ द्या" हे सांगताना सगळ्यांचे डोळे आईकडेच का वळतात, हे मला कळत नाही.

२०२४-२५ पासून राज्यात चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश निघाला. मुलांची झोप व्हावी म्हणून. निर्णय मुलांच्या बाजूचा आहे, मला तो आवडला. पण मी साडेसातला घर सोडते, नवरा आठला. नऊच्या शाळेसाठी तिला कोण सोडणार? पूर्वी सातच्या शाळेला आम्हीच सोडायचो आणि स्टेशनला पळायचो. आता तो तास काकूंकडे जातो आणि मग व्हॅनवाले काका. मुलांच्या घड्याळाचा विचार झाला आणि आईबापांचं घड्याळ होतं तिथेच राहिलं, म्हणून तिला शाळेत सोडतानाचा एकत्र वेळ उलट गेला.

२०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा वाटलं होतं, प्रवास संपला, आता चोवीस तास एका घरात. मुलगी तीन वर्षांची होती. मी बेडरूममध्ये दार लावून लॅपटॉपवर, नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ती दाराबाहेर बसून खालच्या फटीतून कागद सरकवायची, चित्रं काढलेले. दोन मीटिंगच्या मध्ये मी दार उघडायचे तेव्हा तिचा पहिला प्रश्न असायचा, "तुझा आवाज बंद आहे का?" म्हणजे माईक. तिला ते कळलं होतं. अंतर संपूनही वेळ आला नाही, कारण कामाचे तास घरात शिरले होते आणि त्यांना शेवट नव्हता.

याहून बोचणारी गोष्ट मी नवऱ्याच्या गावी पाहिली. ते साखर कारखान्याच्या टापूत आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड कामगार येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली आणि ती टनावर फेडायची. कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकटं पोर असतं, ते पहाटे आईबापांबरोबर फडात जातं. त्या मुलाचे आईबाप दिवसभर, अक्षरशः दिवसभर, त्याच्या नजरेसमोर असतात. पाचटावर गोधडी टाकून त्याला झोपवलेलं असतं. आई मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, परत येते. पोर रडलं तर ती थांबू शकते, पण थांबली की टन कमी होतो. मोठी मुलं एक तर धाकट्याला सांभाळायला बरोबर असतात, नाहीतर मागे गावी आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, म्हणजे शाळा टिकते आणि अर्धं वर्ष आईबाप दिसत नाहीत. फोर्टात बसलेली मी आणि फडात वाकलेली ती, आमच्यात तुलना करणं मला शोभणार नाही. तिचं आयुष्य माझ्याहून अनेक पटींनी कठीण आहे. पण तिला पाहिल्यापासून मूल शेजारी असणं आणि त्याच्यासाठी मोकळा हात असणं यातला फरक माझ्या डोक्यातून गेला नाही. तो मोकळा हात मजुरीच्या दरातून येतो, कामाच्या तासांतून येतो, घरापासून कामाच्या अंतरातून येतो. माया दोघींकडे सारखीच असते.

म्हणून मी आता समुपदेशनाचे लेख वाचणं सोडलंय आणि जवळच्या गोष्टींमागे लागलेय. महापालिकेच्या प्रत्येक प्रभागात दिवसभराचं पाळणाघर असावं, प्रशिक्षित बायकांना नीट पगार देऊन, यासाठी आम्ही काही आया मिळून नगरसेवकांकडे निवेदन घेऊन जाणार आहोत. ते व्हायला वर्षं लागतील हे माहीत आहे.

त्याआधी सोसायटीचं. आमच्या आवारात "येथे खेळण्यास मनाई आहे" अशी पाटी आहे, कारण सगळी जागा गाड्यांना दिलेली आहे. मुलं शाळेतून आली की सरळ फ्लॅटमध्ये जातात. खाली बाकावर चार-पाच आजी-आजोबा बसलेले असतात, त्यांच्यासमोर एकही मूल नसतं. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतेय: संध्याकाळी पाच ते सात गेटजवळच्या तीन गाड्या बाहेर रस्त्यावर लावाव्यात आणि ती पाटी काढावी. त्यांतली एक गाडी आमचीच आहे, तिच्यापासून सुरुवात करायची तयारी नवऱ्याने दाखवली आहे. तळमजल्यावरच्या आजोबांनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय, शिवाय त्यांच्याकडे कॅरमबोर्डही आहे म्हणाले. सेक्रेटरी काचा फुटतील म्हणतात. मी त्यांना सांगितलंय, पहिल्या वर्षी फुटलेल्या काचांचे पैसे आम्ही आईबाप वर्गणी काढून देऊ.